आधी उघडून बघ, मग पैसे मोज

बेटा, छोट्या आगगाडीचा छंद घ्यायचं तुझ्या मनात आलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण पैसे भरण्याआधी माझं ऐकून घे. माझी सगळी नोकरी चिखल्याच्या मँगनीज खदानीत फिटर म्हणून झाली. विंच, पंप, टबाची चाकं, हेच माझं रोजचं काम. खेळातल्या इंजिनाचं पोट उघडलं की आत तेच सापडतं: मोटर, गिअर, धुरा, आणि चाकापासून मोटरपर्यंत वीज नेणारी पातळ पट्टी. फक्त ते बोटाच्या पेरावर मावतं.

जे इंजिन आपल्याला घरी उघडता येत नाही, ते घेऊ नये. दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नकोस. वरचं कवच स्क्रूने बसलंय की चिकटवलंय, मोटर आणि गिअर सुटे मिळतात का, हे आधी विचार. उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेव.

आता किमतीचं. गाड्या महाग झाल्या म्हणून सगळे हळहळतात, पण महाग काहून झाल्या ते समजून घेतलं तर कुठे पैसे वाचतात तेही दिसतं. चांगली मॉडेल जवळजवळ सगळी बाहेरून येतात. २०१० मध्ये डॉलर पंचेचाळीस रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना तो पंच्याऐंशीवर गेला. त्यावर आयात शुल्क. सरकारी वर्गवारीत छोट्या रेल्वेगाड्या खेळण्यांतच मोडतात, आणि खेळण्यांवरचं शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून थेट ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणजे दहा हजारांचं इंजिन बंदरावरच सतरा हजारांचं होतं, आणि जीएसटी त्या सतरा हजारांवर लागतो. देशातल्या खेळणीवाल्यांना आधार मिळावा म्हणून हे केलं, ते मला पटतं. पण आपल्याकडे अशी बारीक मॉडेल करणारे कारखाने फारसे उभे राहिले नाहीत, त्यामुळे छंद असलेल्या माणसाला नुसता भार सोसावा लागतो. म्हणून परदेशी संकेतस्थळावरची किंमत कधी खरी धरू नकोस. शुल्क, कर, टपाल, सगळं मिळवून घरपोच आकडा कागदावर मांड आणि मगच ठरव. परदेशातला कोणी नातेवाईक भेट म्हणून पार्सल करतो म्हणाला तर त्याला थांबव. भेटवस्तूंच्या पार्सलला मिळणारी सूट २०१९ च्या अखेरीस बंद झाली. त्यापेक्षा तो स्वतः घरी येईल तेव्हा त्याच्या सामानातून येऊ दे. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत सूट असते, फक्त पावती जवळ ठेवायला सांग.

किंमत वाढली तसा माल टिकाऊ झाला असता तर मी काही बोललो नसतो. तसं झालं नाही. ज्या कंपन्या पूर्वी स्वतःच्या कारखान्यात गाड्या करायच्या, त्यांनी नव्वदच्या दशकापासून काम चीनमधल्या ठेकेदारांकडे दिलं. इंग्लंडची हॉर्नबी त्यातलीच. एकाच कारखान्यात चारपाच नामवंत कंपन्यांचा माल निघू लागला, आणि तो कारखाना दुसऱ्याच्या हाती गेला की सगळ्यांची घडी विस्कटली. माल एकेका खेपेत बनतो. खेप संपली की साचा फळीवर जातो आणि सुटे भागही संपतात. जर्मनीची मर्क्लिन १८५९ पासूनची, तिच्या जुन्या इंजिनांचे ब्रश आणि चाकं आजही मिळतात. तीसुद्धा २००९ मध्ये दिवाळखोरीत जाऊन परत आली. तेव्हा खोक्यावरचं नाव बघून भरवसा ठेवायचे दिवस गेले, भाग बघून ठेवायचा.

नव्या मालात सगळ्यात जास्त बिघडतं ते धुऱ्यावरचं प्लॅस्टिकचं गिअर. ते लोखंडी धुऱ्यावर घट्ट दाबून बसवलेलं असतं. प्लॅस्टिक वर्षांनी आकसतं, धुरा आकसत नाही, आणि गिअर एका दात्यापाशी चिरतं. गाडी चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्‌ करते किंवा लंगडते. तो आवाज ओळखायला शीक. मोटर जळाली असं सांगून दुकानदार नवीन इंजिन गळ्यात मारेल, खरं दुखणं एका गिअरचं असतं.

जुन्या, वापरलेल्या मालाचा रोग वेगळा. इंजिनाचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूत ओततात. त्या जस्तात शिशाचा अंश राहिला तर धातू आतून कुजतो, फुगतो, त्याला केसासारख्या भेगा पडतात. दमट हवेत हे लवकर होतं, आणि आपल्या भंडारा जिल्ह्याचा पाऊस तुला माहीत आहे. त्यावर औषध नाही. म्हणून जुनं इंजिन घेताना सांगाडा सपाट काचेवर ठेव आणि खालून उजेड सोड. मध्ये फट दिसली, टोकं वाकलेली वाटली, तर कितीही स्वस्त असो, परत दे. आणि जुन्या मर्क्लिनचं आणखी एक ध्यानात ठेव: त्याची वीज मधल्या तिसऱ्या संपर्कातून येते आणि ती एसी असते. त्याच्या दोन्ही बाजूंची चाकं आतून जोडलेली असतात. आपल्या दोन रुळांच्या डीसी लाइनवर ते ठेवलं की थेट शॉर्ट.

माल हाती आला की खोका उघडतानाच मोबाइलवर चित्रण कर. त्याच दिवशी चालवून बघ, सणावारासाठी राखून ठेवू नकोस, तोवर परतीची मुदत निघून जाते. पहिला अर्धा तास डबे न जोडता हळू पुढे, मग तेवढाच वेळ मागे. इंजिन कमी व्होल्टवर सरकायला लागतं का, की झटका देऊन सुटतं? वेगात धावणं कोणतंही इंजिन दाखवतं, हळू चालणं चांगलंच दाखवतं. मोटरला बोट लाव. कोमट चालेल, चटका नको. नंतर व्हर्नियरनं दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोज. एचओ मापात (त्याबद्दल पुढे सांगतो) ते १४.४ मिलिमीटरच्या आसपास हवं. गाडी रूळ बदलायच्या काट्यावरच घसरते तेव्हा बहुतेक वेळा दोष काट्याचा नसतो, याच अंतराचा असतो, आणि चाक धुऱ्यावर किंचित सरकवलं की काम होतं.

मापाचं बोलतो, कारण तुझे खरे पैसे इथे वाचणार आहेत. एचओ म्हणजे १:८७, आणि त्याचा रूळ १६.५ मिलिमीटरचा. तो युरोपच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळासाठी बरोबर आहे. आपल्या घरासमोरून तुमसर रोड ते तिरोडी जाणारी लाइन ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटर; ती एचओत उतरवली तर १९.३ यायला हवी. लोक १६.५ वरच भारतीय डबे चालवतात, चालवोत. पण आपल्या मुलखाची खरी गाडी म्हणजे नॅरोगेज. बंगाल नागपूर रेल्वेची सातपुड्यातलं ते जाळं, गोंदिया ते जबलपूर, नागपूर ते छिंदवाडा, नागपूर ते नागभीड. त्यातली नागभीडची गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात थांबली. तिचा रूळ ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ नं भाग: ८.७६. आणि बाजारात मिळणारा एन मापाचा रूळ असतो ९ मिलिमीटर. एवढा जवळचा मेळ ब्रॉडगेजला कधी बसत नाही.

म्हणजे असं कर. एन मापाचा एक चांगला मोटरवाला सांगाडा घे. जपानच्या काटो कंपनीचे छोटे सांगाडे सुटे मिळतात, दमदार असतात आणि पूर्ण इंजिनाहून पुष्कळ स्वस्त पडतात. त्यावर नॅरोगेजच्या झेडडीएम डिझेल इंजिनाचं कवच स्टायरीनच्या पत्र्यातून स्वतः काप. डबे तर सरळ पेटीसारखे. कवचाच्या लांबीत सांगाड्याची चाकं बसतील एवढंच बघायचं. मापं पुस्तकातून शोधत बसू नकोस. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेज संग्रहालय आहे, २००२ पासून. तिथे टेप घेऊन जा, परवानगी काढ, डब्याची खिडकी, पायरी, छताची गोलाई मोजून वहीत काढ. सगळ्यात महाग वस्तू म्हणजे तो एक सांगाडा, बाकी तुझा वेळ.

रूळ घेताना निकेल सिल्व्हरचाच घे. नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. पितळेचा रूळ स्वस्त, पण त्यावर चढणारा काळा थर वीज अडवतो. लोखंडी रूळ एका पावसाळ्यात गंजतो. साफ करायला कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, पॉलिश पेपर कधी नाही. त्याचे ओरखडे उलट धूळ धरतात.

धूळ हा आमच्याकडचा खास त्रास आहे. मँगनीजची काळी बारीक धूळ खिडकी बंद असली तरी घरात येते आणि जास्त तेल दिलेल्या गिअरमध्ये बसते, मग तेल आणि धूळ मिळून घासणारी लापशी होते. तेल सुईच्या टोकावर मावेल तेवढंच दे, आणि प्लॅस्टिकला चालणारं. पण त्याच मातीबद्दल तुला अभिमानही असू दे. शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या खदानीतला मँगनीज डायऑक्साइड सुक्या सेलमध्ये वापरतात, ज्यावर सगळ्यांची पहिली खेळण्याची गाडी धावली. आणि खऱ्या रेल्वेच्या काट्यावरचं क्रॉसिंग, जिथे चाकाचा सगळ्यात जोराचा मार बसतो, ते मँगनीज पोलादाचं ओततात.

आवाज करणारी, दिवे लावणारी, मोबाइलवरून चालणारी डिजिटल इंजिनं तुला भुरळ घालतील. सध्या नको. आपल्याकडे वीज जाते-येते, झटके मारते, आणि त्या झटक्यानं पहिली जाते ती डिजिटल चिप, जी दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. १२ व्होल्टचा साधा डीसी कंट्रोलर घे, त्यात शॉर्ट झाल्यावर आपोआप बंद होणारी सोय असावी. मोबाइलच्या चार्जरला तारा जोडून गाडी चालवायचा प्रयोग घरात कोणालाही करू देऊ नकोस.

तू पुण्यात राहतोस, मग कोथरूडला कर्वे रोडवर जोश्यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून ये. बी. एस. तथा भाऊसाहेब जोशी यांनी ते उभं केलं, १९९८ मध्ये लोकांसाठी उघडलं. गाड्यांकडे तर सगळेच बघतात. तू सिग्नल, तारा, वळणांची त्रिज्या बघ, आणि इतकी वर्षं गाड्या रोज कशा चालत्या ठेवतात ते तिथल्या माणसांना विचार. पुस्तकात न सापडणारं तिथे मिळेल.

ठेवण्याबद्दल शेवटचं. पावसाळ्यात इंजिन मूळ खोक्यातल्या फोममध्ये राहू देऊ नकोस. फोम वर्षांनी विरघळतो आणि रंगाला चिकटतो. धुतलेल्या मलमलच्या तुकड्यात गुंडाळ, पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव, आणि महिन्यातून एकदा काढून थोडं चालव, म्हणजे तेल जागच्या जागी घट्ट होत नाही.

या वर्षी खर्च एवढाच कर: व्हर्नियर, मल्टिमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हरचा संच, ९ मिलिमीटरचे थोडे रूळ आणि एक सांगाडा. दिवाळीला येताना मोतीबागेची मापं घेऊन आपल्या गोबरवाही स्टेशनवर उतर. स्टायरीन कापायची पट्टी आणि पातं माझ्याकडे आहे.