आधी हिशेब, मग गाडी

मेढ्याच्या पलीकडे डोंगरात एक लहान गाव आहे. तिथून सातारा 45 किलोमीटर. त्या गावात तात्या आणि काकू राहतात. तीन एकर जमीन आहे. दोन म्हशी आहेत. थोरला मुलगा नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार आहे. धाकटा घरी शेती बघतो.

2023 साली काकूंची मूत्रपिंडे निकामी झाली. मूत्रपिंडे रक्तातली घाण गाळून काढतात. ती थकली, की हे काम यंत्राकडून करून घ्यावे लागते. याला डायलिसिस म्हणतात. काकूंना आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जावे लागे. चार तास यंत्राशी पडून राहावे लागे. उठल्यावर अंगात त्राण उरत नसे. एस.टी.ला दोनदा गाडी बदलावी लागते. ते काकूंना झेपेना. म्हणून तात्या भाड्याची जीप करू लागले. एका खेपेला 1500 रुपये. महिन्याला नऊ खेपा. म्हणजे 13,500 रुपये.

वर्ष असेच गेले. एक म्हैस विकली. मग थोरला मुंबईहून आला आणि म्हणाला, "तात्या, जीपच्या भाड्यात आपली स्वतःची गाडी होईल. साडेतीन लाख मी साठवलेत. बाकीचं कर्ज काढू."

धाकटा म्हणाला, "मग विजेचीच घेऊ. पेट्रोल नको, धूर नको." त्याने साताऱ्याहून तीन गाड्यांचे रंगीत कागद आणले. ही गोष्ट 2024 सालची.

तात्या साक्षरता वर्गात वाचायला शिकले होते. त्यांनी कागद हाती घेतले. अक्षरे लागत होती, पण अर्थ लागत नव्हता. कागद घेऊन ते गुरुजींकडे गेले.

"गुरुजी, सगळ्याच कागदांवर लिहिलंय की आमचीच गाडी चांगली. मग खरी चांगली कुठली?"

गुरुजी हसले. "तात्या, तुम्ही बैल घेताना काय करता? विकणारा म्हणतो तेवढ्यावर घेता का?"

"छे! दात बघतो. चालवून बघतो. आपल्या रानाला झेपेल का ते बघतो."

"मग गाडीचंही तसंच. बसा, आपण एकेक बघू."

बॅटरी म्हणजे विजेचा रांजण

गुरुजींनी पाटीवर तीन गाड्या लिहिल्या. भाव कंपनीचे होते, सर्वांत स्वस्त प्रकाराचे, 2024 च्या सुरुवातीचे.

एम.जी. कॉमेट: बॅटरी 17.3 युनिट. कागदावर पल्ला 230 किलोमीटर. भाव 6 लाख 99 हजार.

टाटा टियागो: बॅटरी 19.2 युनिट. कागदावर पल्ला 250 किलोमीटर. भाव 7 लाख 99 हजार.

टाटा पंच: बॅटरी 25 युनिट. कागदावर पल्ला 315 किलोमीटर. भाव 10 लाख 99 हजार.

"बॅटरी हा विजेचा रांजण समजा," गुरुजी म्हणाले. "घरच्या बिलात जे युनिट असतं, तेच हे युनिट. रांजण मोठा, तर गाडी लांब जाते. पण मोठ्या रांजणाला पैसेही जास्त पडतात."

"मग 250 म्हणजे साताऱ्याला जाऊन-येऊन अडीच खेपा होतील की!"

"थांबा. तो आकडा परीक्षेचा आहे. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या रीतीने गाडी चालवून तो काढतात. तिथे आपला चढ नाही, खड्डे नाहीत, चार माणसं नाहीत. म्हणून कागदावरच्या पल्ल्याचे तीन भाग करा. त्यातले दोन आपले माना. एक भाग सोडून द्या."

तात्यांनी हिशेब केला. टियागोचे 250, त्यातले दोन भाग 167.

"आता यातलाही पाचवा भाग शिल्लक ठेवा. रांजण तळ दिसेपर्यंत रिकामा करू नये. रस्ता बंद असला, वळसा पडला, तर ती शिल्लक कामी येते."

167 मधून 33 गेले. उरले 134. साताऱ्याची जा-ये 90. शहरातली फिराफिर धरून 110. म्हणजे टियागो पुरते. कॉमेटचा हिशेब 122 वर आला. तीही पुरते. पंचचा 168 वर आला. ती पुरून उरते.

"बॅटरी म्हातारी होते का हो?" तात्यांनी विचारले.

"होते. माणसासारखीच. वर्षागणिक थोडी थोडी थकते. समजा, आठ वर्षांनी पाचवा भाग ताकद गेली. तरी टियागोचे 107 उरतात. साताऱ्याची खेप तेव्हाही होईल. कॉमेटचे 98 उरतील. तिथे जरा ओढाताण होईल."

टियागोच्या बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची होती. दोहोंत जे आधी भरेल ते. तात्यांचे वर्षाचे चालणे साडेनऊ हजार किलोमीटर. म्हणजे त्यांची आठ वर्षेच आधी भरणार. गुरुजी म्हणाले, "हमीचा कागद पूर्ण वाचा. बॅटरी किती थकली म्हणजे कंपनी बदलून देईल, ते त्यात लिहिलेलं असतं. तोंडी बोललेलं धरू नका."

वीज स्वस्त, पण कोणाला?

मग खर्चाचा हिशेब आला. वीज भरताना थोडी वाया जाते. ती धरून 90 किलोमीटरला सुमारे 13 युनिट लागतील असे गुरुजींनी मांडले. युनिटला 10 रुपये धरले, तर खेपेला 130 रुपये. पेट्रोलची लहान गाडी लिटरला 15 किलोमीटर गेली, तर 6 लिटर लागेल. लिटरला 105 रुपये धरले, तर 630 रुपये. खेपेमागे 500 रुपये वाचतात. महिन्याला नऊ खेपांचे 4,500. वर्षाचे 54,000.

"म्हणजे विजेची गाडी स्वस्तच!" तात्या म्हणाले.

"तुम्हाला स्वस्त. सगळ्यांना नाही. विजेची गाडी घेताना महाग असते. समजा, तसल्याच पेट्रोलच्या गाडीपेक्षा 2 लाख 60 हजार जास्त पडले. तुमचे ते पाच वर्षांच्या आत फिटतील. पण एखादा महिन्यातून दोनदाच साताऱ्याला जातो. त्याचे वर्षाला 12 हजारच वाचतील. त्याला एकवीस वर्षांहून जास्त लागतील. त्याने कशाला घ्यावी?"

ही गोष्ट वाचकांनीही ध्यानात ठेवावी. जो रोज किंवा नेमाने चालवतो, त्याला विजेची गाडी परवडते. दारात उभी राहणारी गाडी कोणालाच परवडत नाही.

कर्ज पेलेल तेवढेच

धाकट्याचे मन पंचवर होते. ती उंच होती. तिला खाचखळगे कमी लागणार होते. तिच्यात बसणे-उठणेही सोपे होते. काकू मात्र ऐकून गप्प झाल्या. रात्री म्हणाल्या, "अहो, माझ्यापायी एवढं कर्ज नको. मी आज आहे, उद्या नाही. हप्ते पोरांच्या गळ्यात पडतील."

तात्यांना घास गिळवेना. सकाळी ते पुन्हा गुरुजींकडे गेले.

गुरुजी म्हणाले, "काकू चुकीचं बोलत नाहीत. पण भीतीने ठरवू नये आणि हौसेनेही ठरवू नये. आज जीपला महिना 13,500 जातात. नवा खर्च त्याच्या आत बसला पाहिजे. बसला, तर कर्ज डोईजड नाही."

त्यांनी सात वर्षांचे कर्ज, शेकडा 9 व्याज धरले. विमा आणि नोंदणी धरून टियागो साडेआठ लाखांना पडेल. साडेतीन लाख रोख दिले, तर पाच लाख कर्ज. महिन्याचा हप्ता सुमारे 8,050. विजेचे 1,170. विमा, टायर, दुरुस्ती यांसाठी दरमहा बाजूला 3,000. एकूण 12,220.

पंच साडेअकरा लाखांना पडेल. आठ लाख कर्ज. हप्ता सुमारे 12,900. बाकीचा खर्च तोच. एकूण 17,070.

आकडे समोर आले. पंच गाडी चांगली, पण तात्यांच्या खिशाला मोठी. कॉमेट सर्वांत स्वस्त. पण तिला दोनच दारे. मागे बसायचे तर पुढची खुर्ची वाकवून शिरावे लागते. चाके लहान. काकूंबरोबर दोन माणसे लागतात. शहरात ती सोयीची, डोंगरातल्या आजाऱ्याला नाही.

ज्याच्यासाठी गाडी, त्याला बसवून बघा

"आता शेवटची परीक्षा," गुरुजी म्हणाले. "काकूंना बसवून बघा. तीही डायलिसिसनंतर. अंगात त्राण असताना नव्हे."

दुकानदाराने गाडी दवाखान्याच्या दारात आणली. टियागो बुटकी. काकू बसल्या, पण उठताना गुडघे लटपटले. तात्यांचे तोंड उतरले. तेवढ्यात नर्सताई बाहेर आल्या. त्या म्हणाल्या, "काकू, एक पाय आधी टाकू नका. खुर्ची पूर्ण मागे घ्या. बसल्या बसल्या अख्खं अंग दाराकडे वळवा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा. मग मुलाचा हात धरून उठा."

काकू तशा उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. मग म्हणाल्या, "जमतंय की! तीन लाख वाचले बघा."

घरची वीज आधी तपासा

अजून एक काम उरले होते. तात्यांच्या घरची तार जुनी होती. अर्थिंग नीट नव्हते. अर्थिंग म्हणजे विजेला जमिनीत उतरायची वाट. ती नीट नसेल, तर गाडी वीज घेत नाही, आणि माणसाला झटका बसण्याचे भय असते. तात्यांनी परवानाधारक वायरमन बोलावला. मीटरपासून वेगळी जाड तार, वेगळा 15 अँपिअरचा प्लग, वेगळे एम.सी.बी. आणि नवे अर्थिंग करून घेतले. प्लग पडवीत, पावसाचा थेंब पोचणार नाही असा बसवला.

शेतीपंपाची वीज शेतीसाठीच असते. तिच्यावर गाडी भरू नये. तो गुन्हा होतो आणि दंडही बसतो.

घरच्या प्लगवर तासाला सुमारे तीन युनिट भरतात. म्हणजे एका खेपेची वीज भरायला साडेचार-पाच तास. गुरुजींनी तात्यांना एक नेम सांगितला: साताऱ्याहून आल्या दिवशीच गाडी भरायची. जायच्या आदल्या रात्रीवर ठेवायचे नाही. त्या रात्री वीज गेली तर?

पहिल्या खेपेला तात्या सारखे काट्याकडे बघत होते. घरी आले तेव्हा शंभरातले 42 शिल्लक होते. काकू मागे टेकून झोपल्या होत्या. गाडीला आवाज नाही. त्यांना कोणी उठवले नाही.

लक्षात ठेवा

1. आपली रोजची वाट किती, ते आधी मोजा. मग गाडी बघा.
2. कागदावरच्या पल्ल्याचे दोन तृतीयांश धरा. त्यातला पाचवा भाग शिल्लक ठेवा.
3. भाव, पल्ला आणि सरकारी सवलती बदलत असतात. घ्यायच्या दिवशीचे आकडे लिहून मागा.
4. काही गाड्यांची बॅटरी भाड्याने मिळते. सप्टेंबर 2024 मध्ये एम.जी. विंडसर अशी आली. तेव्हा भाव 9 लाख 99 हजार होता आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. 90 किलोमीटरला हे 315 रुपये होतात. वीज वेगळी. स्वस्त दिसणाऱ्या भावात असे भाडे मिळवून बघा.
5. दुरुस्तीचे ठिकाण किती लांब आहे, ते विचारा.
6. आपल्याच रस्त्यावर, आपलीच माणसे बसवून गाडी चालवून बघा.
7. न वाचता सही करू नका.

प्रश्न

1. तात्यांनी पंच गाडी का घेतली नाही?
2. कॉमेट स्वस्त असूनही का सोडली?
3. नर्सताईंनी काकूंना काय शिकवले?
4. शेतीपंपाच्या विजेवर गाडी का भरू नये?

हिशेब करा

एका गाडीचा कागदावरचा पल्ला 300 किलोमीटर आहे. तिचा खरा धरायचा पल्ला किती? पाचवा भाग शिल्लक ठेवला, तर किती किलोमीटर जाता येईल? तुमच्या गावाहून जिल्ह्याच्या गावाला जाऊन येणे त्यात बसते का?