ओल्या कचऱ्याचा हिशेब : गांडुळांकडून खत

कापडाच्या धंद्यात फेंट वेगळे ठेवतात, चिंधी वेगळी ठेवतात. सुती चिंधीत नायलॉनची चिंधी मिसळली की भाव पडतो. तिला तेल किंवा चिखल लागला तर भंगारवाला फुकटसुद्धा उचलत नाही. माल तोच असतो, पण मिसळला म्हणून त्याची घाण होते. ही गोष्ट आमच्या वडीलधाऱ्यांनी आम्हाला लहानपणीच शिकवली. दुकानात आम्ही ती तंतोतंत पाळत आलो. घरी मात्र चहाचा चोथा, भाजीची देठे, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि संपलेले सेल अशी सगळी मिसळ वर्षानुवर्षे एकाच डब्यात टाकत होतो.

हा डबा जातो कोठे, याचा विचार व्यापाऱ्याने करायला हवा. मुंबईचा रोजचा कचरा सहा हजार टनांहून अधिक आहे, आणि त्यात ओल्या कचऱ्याचा वाटा मोठा आहे. देवनारच्या जागेवर १९२७ पासून शहराचा कचरा पडत आला. ओला कचरा हवा न मिळता दाबून राहिला की त्यातून मिथेन वायू निघतो, आणि तो पेटतो. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या वेळी आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोवंडी, बैंगनवाडी, शिवाजीनगर येथे आपले किती नातलग आणि कारागीर राहतात, हे वेगळे सांगायला नको. परळ-गिरगावात आम्ही टाकलेली साल त्यांच्या दारात धूर होऊन जाते.

यावर काम करणारे लोक याच शहरात आहेत. दादर येथील स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून ‘परिसर विकास’ कार्यक्रमात कचरा वेचणाऱ्या बायकांना खत करण्याचे शिक्षण दिले. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात रोज सुमारे तीन हजार कामगारांचे जेवण होत असे. तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२ पासून त्या ओल्या कचऱ्याचे खत करून गच्चीवर भाज्या व फळझाडे वाढवली. तीन हजार माणसांच्या स्वयंपाकघराला जमते, तर सहा माणसांच्या घराला न जमण्याचे कारण नाही.

गांडूळ कोणते घ्यावे?

बागेतल्या मातीत खोल बिळे करणारे गांडूळ या कामाला उपयोगी नाही. पालापाचोळ्याच्या थरात वर राहून कुजके खाणारी जात लागते. आपल्याकडे आयसेनिया फेटिडा हे लाल गांडूळ आणि युड्रिलस युजेनी हे आफ्रिकन गांडूळ मिळते. युड्रिलस उष्ण हवेत चांगले राहते. गांडुळाला डोळे नसतात, पण उजेड कळतो, आणि उजेडापासून ते दूर पळते. ते कातडीतून श्वास घेते. म्हणून त्याला ओल हवी, पण साचलेले पाणी नको. हे एवढे ध्यानात ठेवले तर पुढचे सर्व नियम आपोआप समजतात.

मांडणी

दोन प्लॅस्टिकचे क्रेट, साधारण एक फूट खोल. तळाला आणि बाजूंना भोके पाडावीत व खाली थाळी ठेवावी. आत नारळाचा भिजवलेला काथ्या आणि फाडलेले वर्तमानपत्र यांचा चार बोटे थर द्यावा. त्यावर ओंजळभर माती आणि जुने शेण टाकावे. ताजे शेण तापते, ते नको. ओल किती असावी? धुतलेले कापड घट्ट पिळल्यावर हाताला जेवढी लागते तेवढी. मुठीत दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार येऊ नये. वर ओले गोणपाट झाकावे. ऊन आणि पावसाची झड लागणार नाही अशा जागी ठेवावे. मुंग्या येत असतील तर क्रेट विटांवर उचलावा आणि विटा पाण्याच्या थाळ्यांत ठेवाव्यात. जुन्या जाळीच्या कपाटाचे पाय आपण असेच पाण्याच्या वाट्यांत ठेवत होतो.

खाणे म्हणून भाजीची देठे, फळांची साले, चहाचा चोथा, अंड्याची चुरलेली टरफले चालतात. लिंबू-मोसंबीची साले आणि कांदा थोडाच द्यावा. मटण, मासे, हाडे, चरबी, तेल, मीठ-मसाल्याचे शिजलेले अन्न अजिबात टाकू नये. आपल्या स्वयंपाकघरात ही चूक पटकन होते. त्याने दुर्गंधी सुटते आणि उंदीर येतात. कुर्बानीचा कोणताही अवशेष या डब्यात जाता कामा नये. त्यासाठी महापालिकेची व्यवस्था वापरावी.

आमचे नुकसान

आम्ही हे काम २०१९ च्या सुरुवातीला अर्धा किलो गांडुळांवर चालू केले. अर्धा किलो गांडुळे दिवसाला साधारण पाव किलो खातात. मे महिन्यात रमजान आला. इफ्तारनंतर रोज दोन-तीन किलो कलिंगडाची आणि पपईची साले निघू लागली. आम्ही आनंदाने सगळी क्रेटमध्ये भरली. आठव्या दिवशी आंबूस वास सुटला. दहाव्या दिवशी पहाटे सहरीला उठलो तर गांडुळे क्रेटमधून बाहेर पडून गॅलरीभर पसरलेली. शेजारच्या काकू दार उघडताच ओरडल्या, ‘‘भाईजान, हे काय आणून ठेवलंत? आमच्या उंबऱ्यापर्यंत आलंय!’’ बहुतेक गांडुळे मेली. चाळीत गॅलरी सर्वांची असते. पैशाचे नुकसान थोडे होते, पण चाळीस वर्षांच्या शेजाराला तडा जातो की काय, ही भीती मोठी होती. आम्ही माफी मागितली, गॅलरी धुऊन दिली आणि क्रेट उचलले.

चूक गांडुळांची नव्हती. गिऱ्हाईक पाव किलोचे आणि आम्ही माल तीन किलोचा उतरवला. सालींचे पाणी साचले, हवा बंद झाली, श्वास कोंडला. ईदनंतर काकूंना विचारून, त्यांच्या संमतीने पुन्हा मांडणी केली. या वेळी वजन करून पाव किलोच दिले. प्रत्येक वेळी ओल्याच्या बरोबरीने मूठभर फाडलेला कागद घातला. आधीचे संपल्याशिवाय नवे टाकले नाही. पुन्हा वास आला नाही. गांडुळे वाढत गेली तसे खाणेही वाढवले.

खत कसे काढावे?

तीन महिन्यांत तळाचा भाग काळा, भुसभुशीत, चहाच्या भुकटीसारखा होतो. खाणे एका बाजूलाच टाकत राहावे. गांडुळे तिकडे सरकतात, दुसरीकडचे खत काढावे. किंवा उजेडात कागदावर ढीग करून पंधरा मिनिटे थांबावे. गांडुळे खाली जातात, वरचे खत हलक्या हाताने काढून घ्यावे.

नफा-तोटा

आता व्यापाऱ्याचा प्रश्न : यात मिळते काय? आमच्या घरात वर्षाला सुमारे दीडशे किलो ओला कचरा क्रेटमध्ये जातो. त्याचे तीसेक किलो खत होते. किलोला वीस रुपये धरले तरी वर्षाचे सहाशे रुपये होतात. क्रेट आणि गांडुळांचा खर्च जवळपास तेवढाच होता. म्हणजे एका घराला हा धंदा नाही. ‘आमच्याकडून महागडी गांडुळे घ्या, सगळे खत आम्ही परत विकत घेऊ’ असे सांगणारा भेटला तर आधी विचारावे, पुढे हे खत कोण घेतो आणि कोणत्या भावाने? त्याचे उत्तर मिळत नसेल तर पैसे गुंतवू नयेत.

कमाई आहे ती कामात. मुंबई महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दिवसाला शंभर किलोहून अधिक कचरा काढणाऱ्या संकुलांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावायला सांगितले. अशा ठिकाणी पेट्या बनवणारा सुतार, जाळ्या व झाकणे करणारा पत्रेवाला, निचऱ्याची नळी बसवणारा प्लंबर आणि आठवड्याला देखभाल करणारा माणूस लागतो. बेंगळुरूच्या ‘डेली डंप’ने २००६ पासून खताची मडकी कुंभारांकडून घडवून घेऊन विकली. आपल्या कारागिरांनी या कामाकडे पाहावे.

आज शेजारच्या काकू स्वतः भाजीची देठे वेगळ्या डब्यात आणून देतात आणि कढीपत्त्याच्या कुंडीसाठी खत नेतात. वाचकांनी लगेच गांडुळे आणू नयेत. आधी घरात दोन डबे ठेवावेत, ओले वेगळे, सुके वेगळे, आणि आठ दिवस ओल्याचे वजन वहीत लिहावे. तो आकडा हाती आला की किती गांडुळे लागतील ते ठरवावे. ज्याला गॅलरीत जागा नाही त्याने दोन डबे तरी सोडू नयेत. न मिसळलेल्या मालाला कोठे ना कोठे गिऱ्हाईक मिळतेच.