इंजिनाची खरी शक्ती : पाण्यावर चालणाऱ्या शक्तिमापकाची रचना व उपयोग

पावसाळ्यात गोमंतकात पाण्याची वाण नसते. परंतु पाऊस ओसरल्यावर वायंगणाच्या शेतीला, भाजीच्या मळ्यांना व नारळी-पोफळीच्या बागांना पाणी उपसून द्यावे लागते. तिळारी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी पेडणे, डिचोली व बार्देस तालुक्यांच्या काही भागांत पोहोचले आहे आणि अनेक कुळागरांत विजेचे पंपही बसले आहेत. तरीही जेथे वीज किंवा कालवा जवळ नाही तेथे डिझेलवर चालणारे लहान इंजिनच उपयोगी पडते. भातशेतीची नांगरट करणाऱ्या पॉवर टिलरचा प्राणही असेच एक लहान इंजिन होय.

या इंजिनांच्या दुरुस्तीसाठी व सुट्या भागांसाठी आसपासचे गावकरी म्हापशास येतात. पाणी कमी पडते, डिझेल जास्त लागते, धूर निघतो, अशा त्यांच्या तक्रारी असतात. दोष इंजिनात आहे की पंपात, हे मात्र पुष्कळदा अंदाजानेच ठरविले जाते. पंपाचा फूटव्हॉल्व्ह गळत असताना इंजिन खोलले जाते, किंवा इंजिन झिजलेले असताना नवा पंप विकत घेतला जातो. हा अंदाजाचा कारभार टाळावयाचा असेल तर इंजिन पंपापासून वेगळे करून त्याची शक्ती मोजली पाहिजे. शक्ती मोजण्याच्या साधनास शक्तिमापक किंवा डायनॅमोमीटर असे म्हणतात. त्याचा पाण्यावर चालणारा साधा प्रकार लहान कार्यशाळेतही बनविता येतो.

शक्ती म्हणजे काय ?

७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्यास जी शक्ती लागते तिला एक मेट्रिक अश्वशक्ती म्हणतात. पाच अश्वशक्तीचे इंजिन तत्त्वतः १० मीटर खोल विहिरीतून सेकंदाला साडेसदतीस लिटर पाणी वर आणू शकेल. पंप व नळ यांतील नुकसानामुळे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी पाणी मिळते. हल्ली इंजिनाच्या पट्टीवर शक्ती किलोवॅटमध्ये लिहितात. ३.७ किलोवॅट म्हणजे सुमारे पाच अश्वशक्ती.

इंजिनाची शक्ती दोन गोष्टींवर अवलंबून असते : शाफ्ट किती जोराने पिळला जातो आणि तो मिनिटाला किती फेरे घेतो. या जोरास पीळ किंवा टॉर्क म्हणतात. फेरे मोजणे सोपे आहे. पीळ मोजण्यासाठी फिरत्या शाफ्टला अडवावे लागते व अडविण्यास किती बल लागले ते काट्यावर पाहावे लागते.

फ्रान्समधील अभियंता गास्पार द प्रोनी याने १८२१ साली लाकडी ठोकळ्यांनी शाफ्ट आवळून धरणारा रोधक तयार केला. पुढे फिरत्या चाकावर दोरखंड गुंडाळून मोजणी करण्याची पद्धतही रूढ झाली व ती तंत्रशाळांतून आजही शिकविली जाते. या दोन्ही प्रकारांत घर्षणाने अतिशय उष्णता निर्माण होते, लाकूड वा दोर करपतो आणि पकड एकसारखी राहत नाही. इंग्लंडमधील विल्यम फ्रूड याने १८७७ मध्ये जहाजांच्या मोठ्या इंजिनांसाठी पाण्याचा रोधक सुचविला. त्यात इंजिन पाणी घुसळते, पाणी तापते आणि तापलेले पाणी वाहून जाऊन थंड पाणी आत येते. रोधकाचा घासणारा भागच नसल्याने तो करपण्याचा प्रश्न उरत नाही.

रचना

या शक्तिमापकाचे मुख्य भाग तीन : फिरणारे चक्र, त्याभोवतीचे कवच आणि कवचाला जोडलेला दांडा.

चक्रासाठी सुमारे १० मिलिमीटर जाडीची पोलादी तबकडी घ्यावी. पाच अश्वशक्तीच्या इंजिनासाठी २० ते २५ सेंटिमीटर व्यासापासून सुरुवात करावी. तिच्या दोन्ही बाजूंस केंद्रापासून कडेकडे जाणारी पाती वेल्डिंग करून बसवावीत. कवच जाड पोलादी नळाच्या तुकड्याचे करून त्यास दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेली झाकणे बसवावीत व झाकणांच्या आतील बाजूसही तशीच पाती जोडावीत. चक्रावर आठ पाती असतील तर झाकणावर सात किंवा नऊ ठेवावीत. संख्या सारखी ठेवल्यास सर्व पाती एकाच क्षणी समोरासमोर येऊन धक्के बसतात. दोन्हींमध्ये चार ते सहा मिलिमीटर अंतर असावे.

शाफ्ट दोन प्लमर ब्लॉकमध्ये बसवून मजबूत चौकटीवर पक्का करावा. कवच मात्र चौकटीला न जोडता शाफ्टवरील बेअरिंगांवर मोकळे ठेवावे. हाच या यंत्राचा गाभा होय. चक्र पाण्याला ढकलते, पाणी कवचाला ढकलते आणि कवच इंजिनाच्याच दिशेने फिरू पाहते. दांडा त्याला अडवितो, म्हणून इंजिनाचा पीळ जसाच्या तसा दांड्यावर येतो व काट्यावर वाचता येतो.

पाणी केंद्राजवळून आत सोडावे व कडेजवळून बाहेर काढावे. दोन्हीकडे कॉक बसवावेत. केंद्राजवळ हवेसाठी एक लहान छिद्रही ठेवावे, म्हणजे कवच अर्धवट भरलेले ठेवता येते. आतील पाणी वाढविले की भार वाढतो, कमी केले की उतरतो. नळ्या रबरी व लवचीक असाव्यात. कडक नळी कवचाला रेटते व माप चुकते.

चक्राचा व्यास ठरविताना एक नियम ध्यानात ठेवावा. पाण्याची पकड फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. व्यास सव्वापट केला तर पकड सुमारे तिप्पट होते. फेरे निम्म्यावर आले तर ती एक चतुर्थांशच उरते. म्हणून मंदगती इंजिनास मोठे चक्र लागते.

दांड्याची लांबी व सोपे गणित

शाफ्टच्या मध्यापासून काट्याच्या आकड्यापर्यंतचे आडवे अंतर बरोबर ७१.६ सेंटिमीटर ठेवल्यास हिशेब अगदी सुलभ होतो. काट्यावरील किलोग्रॅमला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून हजाराने भागले की अश्वशक्ती मिळते. १५०० फेऱ्यांवर काटा ३.३३ किलोग्रॅम दाखवील तर शक्ती पाच अश्वशक्ती होय. उत्तर किलोवॅटमध्ये हवे असल्यास दांडा ९७.४ सेंटिमीटर ठेवावा.

दांडा आडवा व काट्याची ओढ त्याच्याशी काटकोनात असावी. दांड्याचे स्वतःचे वजन दुसऱ्या बाजूस प्रतिभार लावून तोलावे. इंजिन बंद असताना आकड्यास एक किलोग्रॅमचे प्रमाणित वजन टांगून काटा तपासून घ्यावा. एका सिलिंडरच्या इंजिनात काटा सतत थरथरतो. दांड्याखाली तेलाच्या भांड्यात बुडालेली एक पत्र्याची चकती टांगली की ही थरथर कमी होते.

पाणी किती लागेल ?

इंजिनाची जवळजवळ सर्व शक्ती येथे उष्णतेत रूपांतरित होते. पाच अश्वशक्तीसाठी पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअसने वाढू द्यावयाचे असेल तर मिनिटाला सुमारे पावणेदोन लिटर पाणी पुरते. बाहेर पडणारे पाणी ६० अंशांपेक्षा अधिक तापू देऊ नये. वाफेचे बुडबुडे झाले की पकड सुटते. पाणी टंचाईचे असल्यास २०० लिटरच्या पिंपातून तेच पाणी फिरविता येते. अर्ध्या तासाच्या चाचणीत ते सुमारे आठ अंशांनीच तापते. खाडीकाठचे मचूळ पाणी वापरू नये, कारण त्याने पोलाद गंजते. विहिरीचे पाणी गाळून घ्यावे आणि चाचणी संपल्यावर कवच रिकामे करावे.

शिक्षकांसाठी हा भाग विशेष उपयोगाचा आहे. इंग्लिश शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल याने १८४० च्या दशकात पाण्यात पाती फिरवून कार्य व उष्णता यांचे प्रमाण निश्चित केले. तोच प्रयोग येथे मोठ्या प्रमाणावर घडतो. मिनिटाला १.७५ लिटर पाणी २९ अंशांनी तापले तर सुमारे साडेतीन किलोवॅट उष्णता मिळाली असा हिशेब निघतो. काट्यावरून आलेली शक्ती ३.७ किलोवॅटच्या जवळ असेल, तर उरलेली उष्णता कवचातून हवेत गेली, हे विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येते.

चाचणीची रीत

इंजिन प्रथम भाराविना पंधरा मिनिटे चालवून तापवावे. नंतर पाणी हळूहळू सोडून भार वाढवीत न्यावा. प्रत्येक भारावर पाच मिनिटे थांबून काटा, फेरे, पाण्याचे तापमान व धुराचा रंग यांची नोंद करावी. डिझेल मोजण्यासाठी खुणा केलेली काचनळी जोडून १०० मिलिलिटर डिझेल किती वेळात संपते ते पाहावे.

उदाहरणार्थ, दोन इंजिनांच्या पट्टीवर पाच अश्वशक्ती लिहिली आहे. दोन्ही १०० मिलिलिटर डिझेल पाच मिनिटांत, म्हणजे तासाला १.२ लिटर जाळतात. १५०० फेऱ्यांवर पहिल्याचा काटा ३.३३ किलोग्रॅम, तर दुसऱ्याचा २.६ किलोग्रॅमच दाखवितो. दुसऱ्याची शक्ती ३.९ अश्वशक्ती भरते. पहिल्यास दर अश्वशक्ती-तासाला सुमारे २०० ग्रॅम डिझेल लागते, दुसऱ्यास सुमारे २५५ ग्रॅम. पहिल्या इंजिनाने पूर्ण भारावर ३०० तासांत होणारे काम दुसऱ्याकडून करून घेतले तर सुमारे १०० लिटर डिझेल अधिक जळेल आणि तासही वाढतील. नुसत्या कानाने व डोळ्यांनी पाहता ही दोन्ही इंजिने सारखीच वाटू शकतात. जुने इंजिन विकत घेणाऱ्यास हा फरक आधी कळणे अत्यंत हिताचे आहे.

शक्ती कमी भरली तरी लगेच इंजिन बाद समजू नये. काळा धूर असल्यास हवेची गाळणी तुंबली आहे काय व नोझल बिघडले आहे काय ते पाहावे. निळा धूर वंगणतेल जळत असल्याची खूण आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कॉम्प्रेशन किंवा डिझेल सोडण्याची वेळ तपासावी. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणी केली म्हणजे खर्च कारणी लागला की नाही हे कळते. आणि इंजिनाची शक्ती पुरेपूर भरली, तर दोष पंपात, फूटव्हॉल्व्हमध्ये किंवा नळांत शोधावा.

सुरक्षितता

फिरणारे चक्र हे धोक्याचे साधन आहे, हे कधीही विसरू नये. २० सेंटिमीटरच्या चक्राची कड १५०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १६ मीटर वेगाने धावते. चक्र बिडाचे न करता पोलादाचेच करावे, त्याचा तोल तपासावा व वेल्डिंग कुशल कारागिराकडून करून घ्यावे. कपलिंगवर जाळी अवश्य असावी. दांडा सुटून फिरू नये म्हणून त्याच्या वर व खाली भक्कम अडणी बसवावी. पाणी अचानक बंद पडल्यास भार नाहीसा होतो व इंजिन भरधाव सुटू शकते. म्हणून गव्हर्नर चालू स्थितीत असल्याची खात्री करावी व डिझेल बंद करण्याची कळ हाताशी ठेवावी. चाचणी उघड्या मांडवात करावी. बंद खोलीतील इंजिनाचा धूर प्राणघातक असतो. सैल कपडे व लहान मुले यांस यंत्रापासून दूर ठेवावे.

मर्यादा व उपयोग

अशा घरगुती साधनाचा निष्कर्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाही. शेतीच्या यंत्रांची अधिकृत चाचणी करण्यासाठी मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र सरकारची संस्था कार्यरत आहे व मोटार वाहनांसाठी पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. ही संस्था आहे. परंतु काटा, दांडा व फेरे काळजीपूर्वक मोजल्यास दोन-तीन टक्क्यांच्या आसपास अचूकता मिळू शकते. एक-चतुर्थांश शक्ती गमावलेले इंजिन ओळखण्यास तेवढी पुरेशी आहे.

प्रत्येक शेतकऱ्याने असे यंत्र बनविण्याची गरज नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थ्यांनी निदेशकाच्या देखरेखीखाली एक शक्तिमापक तयार केला, किंवा एखाद्या सहकारी संस्थेने आपल्या दुरुस्ती केंद्रात तो ठेवला, तरी अनेक गावांची सोय होईल. वायंगणाच्या हंगामापूर्वी प्रत्येक इंजिन एकदा मोजून त्याची नोंद वहीत ठेवावी. पुढील वर्षीचा आकडा त्याशेजारी लिहिला की इंजिन किती उतरले हे मालकास स्वतःच वाचता येईल, आणि दुरुस्तीचा निर्णय त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून घ्यावा लागणार नाही.