वाळवंटातील शर्यत

मुलांनो, शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत तुम्ही पाहिली आहे. जो आधी पोहोचतो, तो जिंकतो. पण अशीही एक शर्यत आहे, जिच्यात आधी पोहोचणारा हरू शकतो. तिचे नाव डकार रॅली.

ही शर्यत प्रथम २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली आणि आफ्रिकेतील सेनेगलची राजधानी डकार येथे संपली. २००९ ते २०१९ या काळात ती दक्षिण अमेरिकेत झाली. २०२० पासून ती सौदी अरेबियात होते. जेद्दा, रियाध ही नावे तुम्हांला ठाऊक आहेत. कोणाचे चाचा किंवा मामू तेथे नोकरीलाही असतील. सुमारे दोन आठवडे मोटारसायकली, मोटारी व ट्रक वाळूतून आणि दगडधोंड्यांतून धावतात. मार्गपुस्तिकेतील खुणा पाहून प्रत्येकाने आपली वाट शोधायची असते.

सगळे एकाच वेळी निघत नाहीत. असे समजा, की जळगावहून धुळ्याला एक गाडी ८ वाजता निघाली आणि १० वाजता पोहोचली. दुसरी ८ वाजून ३ मिनिटांनी निघाली आणि १० वाजून १ मिनिटाने पोहोचली. धुळ्यात पहिली गाडी आधी दिसली, पण जिंकली दुसरी! तिला २ मिनिटे कमी लागली. अशा सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज करतात. जिची बेरीज सर्वांत कमी, ती गाडी विजयी.

म्हणून रॅलीच्या शौकिनाला वही आणि नकाशा हवा. जळगाव, धुळ्यात बसूनही आपण रोजच्या बातमीवरून वेळ लिहू शकतो आणि नकाशावर गावे शोधू शकतो. वहीत आपली नावेही येतील. बंगळूरचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये ही शर्यत पूर्ण केली. ते असे करणारे पहिले भारतीय. केरळचे हरिथ नोआ २०२४ मध्ये मोटारसायकलींच्या 'रॅली-२' गटात पहिले आले. पुण्याचे संजय टकले यांनी २०२५ मध्ये जुन्या गाड्यांची 'डकार क्लासिक' पूर्ण केली.

येथे एकेका सेकंदाला किंमत असते. २०२३ मध्ये ४४ तासांहून अधिक वेळ गाडी चालवल्यावर ऑस्ट्रेलियाचे टोबी प्राइस अवघ्या ४३ सेकंदांनी हरले. अर्जेंटिनाचे केव्हिन बेनाविदेस जिंकले.

आता याच प्राइस यांची दुसरी गोष्ट ऐका. १२ जानेवारी २०२० रोजी त्यांना वाटेत पोर्तुगालचे पाउलो गोन्साल्विस पडलेले दिसले. प्राइस यांनी शर्यत सोडून गाडी थांबवली, मदत बोलावली आणि ते त्यांच्याजवळ राहिले. मागून आलेले स्टेफान स्वित्कोही थांबले. दुर्दैवाने गोन्साल्विस वाचले नाहीत. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलींची शर्यत बंद ठेवण्यात आली.

चार वर्षांपूर्वी, २०१६ मध्ये, याच गोन्साल्विस यांनी मांडीचे हाड मोडून पडलेल्या मथियास वॉकनर यांच्यासाठी आपली गाडी थांबवली होती. मदतीत गेलेला वेळ आयोजकांनी त्यांना परत दिला. या शर्यतीत तसा नियमच आहे. पण थांबणारा माणूस त्या क्षणी नियम आठवत नाही. त्याला समोरचा जखमी माणूस दिसतो.

मुलांनो, जानेवारीत ही वही जरूर उघडा. वेळेच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा : आज कोण कोणासाठी थांबले?

शब्दार्थ
टप्पा – प्रवासाचा एक भाग
शौकीन – आवड असणारा
अवघ्या – फक्त
रकाना – वहीतील उभा भाग
आयोजक – कार्यक्रम घडवून आणणारे

स्वाध्याय
१. या शर्यतीला 'डकार' हे नाव का पडले?
२. एक गाडी ७ वाजता निघून ९ वाजता पोहोचली. दुसरी ७ वाजून ६ मिनिटांनी निघून ९ वाजून ४ मिनिटांनी पोहोचली. कोण जिंकले? किती मिनिटांनी?
३. मदतीचा वेळ परत देण्याचा नियम का असावा? पाच ओळी लिहा.
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : आधी, विजयी, जुनी.