पडद्याला डोळे असतात, हात नसतात

पोरी, नवी किडनी रुळली, आता डॉक्टर एकदा व्हिडिओवर आणि एकदा समोर असं बोलावणार. लांजा-मुंबई फेरी वाचली म्हणून तुला आनंद झालाय, तो असू दे. मावशीचं एवढं मात्र ऐक.

१. व्हिडिओच्या दोन-तीन दिवस आधी रक्त देऊन ये – टॅक्रोलिमसची पातळी बघायला नमुना मोठ्या शहरात जातो, रिपोर्ट यायला वेळ लागतो. तुझं तोंड गोड आहे गं, पण त्यावर क्रिएटिनिन दिसत नाही.

२. त्या सकाळची टॅक्रोलिमसची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, रात्रीच्या गोळीला १२ तास होऊ देत – आधी घेतलीस तर आकडा फुगतो आणि उगाच डोस कमी होतो. डबी पर्समध्ये ने, नाहीतर लॅबमधून बाजार, बाजारातून मैत्रीण आणि गोळी दुपारी!

३. वजन, बीपी, ताप रोज वहीत – पायाची सूज पडद्यावरून चेपून बघता येत नाही, एकदम चढलेलं वजन तिची चुगली करतं. कॉलच्या आधी पाच मिनिटांत सगळे रकाने एकाच पेनाने भरलेस तर कळतं हो.

४. गोळ्यांची नावं वाचू नकोस, पाकिटं दाखव – कंपनी बदलली तरी पातळी हलू शकते आणि दुकानदार ‘तेच आहे, ताई’ म्हणून मोकळा होतो.

५. गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी आधी किडनीवाल्यांना पाठव – क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलने टॅक्रोलिमस वाढतं, टीबीच्या रिफॅम्पिसिनने घसरतं आणि डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी थेट किडनीला नडते. गणपतीच्या माटवीवरचं पपनससुद्धा विचारल्याशिवाय सोलायचं नाही.

६. ताप १०० च्या वर, लघवी कमी, उलट्या-जुलाब, किडनीच्या जागी दुखणं, यातलं काहीही झालं तर व्हिडिओच्या तारखेची वाट बघू नकोस, फोन कर आणि निघ – आपली प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली, आतला जंतू मोठा असला तरी ताप लहानच दिसतो कधीकधी.

७. ‘प्रत्यक्ष या’ म्हणाले की हुज्जत नको – नवी किडनी ओटीपोटात बाजूला, वरवरच असते, ती हाताने चाचपून कळते. सोनोग्राफी, बायोप्सी तर मोबाइलवर व्हायची नाही. २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांतही व्हिडिओ पुरे की नाही हे डॉक्टरच ठरवतात.

८. दवाखान्यात जाताना मास्क – तिथे खोकणारे तुझ्याआधी पोचलेले असतात.

९. कॉल बंद खोलीत घे – ओसरीवर रेंज छान असेल, पण सासूबाई तांदूळ निवडत तिथेच बसलेल्या असतात आणि तू पाळीचं, मुलाबाळाचं काही विचारत नाहीस. जीभ लाजली की रिपोर्ट बोलतो. खोली मिळत नसेल तर ते प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिही आणि मुंबईच्या फेरीत विचार. मूल हवं असेल तर ते ठरवायच्या आधीच डॉक्टरांना सांग – मायकोफेनोलेटची गोळी गर्भाला घातक, ती किमान सहा आठवडे आधी थांबवून दुसरी गोळी बसवावी लागते. ती बदलायची डॉक्टरांनी. तू आपल्या मनाने एकही गोळी बंद करायची नाहीस, कळलं?