खिडकीतील मेथी

भाजी पिकविण्यासाठी शेतच हवे असे नाही. मुंबईत किनाऱ्यालगतच्या वाळूत इवलीशी समुद्रमेथी पिकते. मग खिडकीतील कुंडीत मेथी का येऊ नये? दाणे रात्रभर भिजवून, तळाला भोके असलेल्या पसरट कुंडीत, भुसभुशीत मातीत पेरावेत. ३-४ दिवसांत अंकुर दिसतात. उत्साही माणूस चुकतो तो येथेच. तो दिवसातून चार वेळा पाणी घालतो आणि रोपे बुडाशी कुजून आडवी होतात. माझी पहिली कुंडी अशीच गेली. माती बोटाला कोरडी लागली, तरच पाणी शिंपडावे. सुमारे २० ते २५ दिवसांनी, फुलोऱ्यापूर्वी, कोवळे शेंडे कात्रीने कापावेत; बुडखे राखल्यास बहुधा पुन्हा फूट येते. ही पाने कांदा, लिंबू व मीठ लावून कच्चीच खावीत.