टेकडीचे बारा महिने

इ. स. १९१२ ची गोष्ट. मुंबईतील एका घरात एक गृहस्थ कुंडीत वाटाण्याचे बी पेरून तिच्यासमोर कॅमेरा मांडून बसले होते. बी रुजले, कोंब वर आला, पाने उलगडली, वेल आधार शोधू लागला. हे गृहस्थ ठरावीक अंतराने त्या रोपाचे एकेक चित्र टिपीत राहिले. कॅमेरा जागचा हलू द्यावयाचा नाही, कुंडीही हलू द्यावयाची नाही, असा त्यांचा नेम होता. पुष्कळ दिवसांच्या खटाटोपानंतर ती सारी चित्रे एकामागून एक पडद्यावर दाखविली, तेव्हा पाहणारे थक्क झाले. कित्येक दिवसांची वाढ त्यांच्या डोळ्यांदेखत थोडक्या वेळात घडून आली होती! हे गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. चित्रपटासाठी भांडवल उभे राहावे म्हणून त्यांनी हा प्रयोग केला होता. पुढच्याच वर्षी, ३ मे १९१३ रोजी, त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

फाळक्यांना आपली कला दाखवावयाची होती. पण त्यासाठी त्यांनी वाघ निवडला नाही, की एखादा धबधबा निवडला नाही. त्यांनी निवडला स्वयंपाकघरातला वाटाणा. अमेरिकेतील व्हरमाँट प्रांतातल्या विल्सन बेंटले नावाच्या शेतकऱ्यानेही असेच केले होते. त्याच्या गावी हिवाळ्यात बर्फ पडे. त्या बर्फाला लोक कंटाळलेले असत. बेंटलेने कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक यंत्र जोडले व १८८५ साली हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे आयुष्यभर त्याने हाच उद्योग केला आणि पाच हजारांहून अधिक हिमकणांची चित्रे जमविली. लोक जो बर्फ फावड्याने बाजूस सारीत, त्याच्या एकेका कणात सहा पाकळ्यांची नक्षी असते, हे त्या चित्रांमुळे जगाला नीट पाहावयास मिळाले.

रोज दिसते म्हणून कोणी न्याहाळून पाहत नाही, असे एक स्थळ पुण्यातही आहे. ते म्हणजे वेताळ टेकडी. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष उरले आहेत, ते जपणारे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले. ते ज्या लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, त्याच्या पाठीशीच ही टेकडी उभी आहे. ज्या संस्थेत महाराष्ट्रातील मुलांची पाठ्यपुस्तके तयार होतात, ती बालभारतीही टेकडीच्या दुसऱ्या अंगाला पायथ्याशीच आहे.

पुणे शहरातील हे सर्वांत उंच ठिकाण होय. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८०० मीटर आहे. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे. एका बाजूस कोथरूड, दुसरीकडे पाषाण, तिसरीकडे सेनापती बापट रस्ता. जिकडे पाहावे तिकडे घरांच्या लाटा पसरलेल्या आणि मधोमध ही टेकडी एखाद्या बेटासारखी वर आलेली. या बेटाचा खडक मात्र समुद्रातला नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून जो तप्त रस बाहेर आला, त्याच्या थरावर थर साचून हा काळा पाषाण बनला. पूर्वी येथे दगडाच्या खाणी चालत. त्या खाणींचे खड्डे आता पावसाळ्यात पाण्याने भरतात व त्यांच्या काठी पाखरे जमतात.

या टेकडीचे छायाचित्र कसे घ्यावे? पुष्कळ जण सूर्यास्ताच्या वेळी वर जातात, तांबड्या आकाशाचे एक चित्र घेतात आणि खाली उतरतात. ते चित्र सुंदर असते, यात शंका नाही. परंतु ते वेताळ टेकडीचे आहे की पर्वतीचे, हे कोणाला सांगता यावयाचे नाही. फाळक्यांची रीत निराळी होती. त्या रीतीने जावयाचे, तर प्रथम एक जागा निश्चित करावी. समजा, पाऊलवाटेच्या कडेला एक मोठा दगड आहे व समोर सालईचे झाड. त्याच दगडावर उभे राहून, त्याच दिशेला तोंड करून, दर महिन्याला एक चित्र घ्यावयाचे आणि त्याखाली तारीख लिहावयाची. मग त्या जागेभोवती जे काही चालते, फिरते, फुलते, त्याची चित्रे वेगळी घ्यावयाची.

आरंभ जूनमध्ये करावा. पहिला पाऊस पडला, की तांबड्या मखमलीचा तुकडा असावा तसा मृगाचा किडा मातीवर चालू लागतो. त्याला किडा म्हणतात खरे. पण जवळून घेतलेले चित्र मोठे करून त्याचे पाय मोजले, तर ते आठ भरतात. किड्याला पाय सहा असतात. म्हणजे हा प्राणी कोळ्याच्या कुळातला! नुसत्या डोळ्यांनी पाहताना हे सहसा ध्यानात येत नाही. याच सुमारास काळा-पांढरा, डोक्यावर तुरा असलेला चातक झुडपांच्या शेंड्यावर बसून ओरडू लागतो. तो समुद्र ओलांडून आफ्रिकेतून येतो, असे शास्त्रज्ञ मानतात. तो पहिल्यांदा दिसला त्या दिवसाचे चित्र, मग ते कितीही अस्पष्ट असो, फार मोलाचे. कारण त्याखाली तारीख असते.

पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, तेव्हा छायाचित्रे बिघडतात अशी समजूत आहे. ती बरोबर नाही. ढगांतून गाळून आलेला उजेड सगळीकडे सारखा पडतो आणि फुलांचे रंग खरे उतरतात. अडचण होते ती वाऱ्याची. तेरड्याचे फूल क्षणभर स्थिर राहत नाही. अशा वेळी गुडघे चिखलात टेकून, भिंग फुलाच्या उंचीवर धरून, वारा पडण्याची वाट पाहत बसावे लागते. पूर्वी एका फिल्मवर बारा चित्रे निघत, म्हणून लोक फार विचार करून कळ दाबीत. आज मोबाइलवर शेकडो चित्रे फुकट निघतात. वाट पाहण्याची सवय मात्र त्यामुळे मोडत चालली आहे.

ऑक्टोबरात कुर्डूचे तुरे येतात, शेंड्याकडे गुलाबी आणि खाली रुपेरी. गवत पिवळे पडते व कुसळे कपड्यांना टोचू लागतात. कुसळाला दोष देण्यापूर्वी त्याचे चित्र घ्यावे. त्याची शेपटी ओलसर हवेत पीळ सोडते, कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते आणि अशा रीतीने बी हळूहळू जमिनीत शिरते. थंडीत खाणीतल्या पाण्याच्या काठी उत्तरेकडून आलेला धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरतो.

फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकडी उजाड दिसते. खालून पाहणाऱ्याला ती मेली असे वाटते. पण त्याच दिवसांत निष्पर्ण पळस, पांगारा व काटेसावर फुलतात आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी त्यांच्यावर गर्दी करतात. गिरिपुष्पही याच वेळी गुलाबी बहराने भरून जाते. त्याचे चित्र फार मोहक दिसते. तथापि हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतले. बोडकी टेकडी लवकर हिरवी व्हावी म्हणून माणसांनी ते येथे लावले. एका सकाळी अर्धा तास पळसापुढे व अर्धा तास गिरिपुष्पापुढे बसावे, येणाऱ्या प्रत्येक पाखराचे चित्र घ्यावे आणि मग दोन्हींची मोजणी करून पाहावी.

उन्हाळ्यात दुपारचे ऊन टाळावे. तेव्हा दगड पांढरे होतात व सावल्या काळ्याकुट्ट. सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. या दिवसांत पायाखाली मात्र लक्ष हवे. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि ती अगदी खड्यांसारखी दिसतात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून आकांत करू लागली, तर चित्राचा मोह सोडून आल्या वाटेने परतावे. कारण माणूस तेथे उभा असेतो ती अंड्यांवर बसत नाही आणि तापलेल्या दगडांत अंडी उन्हात भाजून निघतात.

या चित्रांना आणखी एक काम आहे. पुण्यात वाहनांची गर्दी फार वाढली आहे. ती कमी व्हावी म्हणून या टेकडीवरून रस्ता व तिच्या पोटातून बोगदे नेण्याची योजना पुढे आली. त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये पुष्कळ नागरिकांनी पायी मोर्चा काढला. रस्त्यात तासन्‌तास अडकणाऱ्यांची अडचण खोटी नाही. पण अशा वादात 'टेकडीवर आहे तरी काय? नुसते गवत!' असे कोणी म्हटले, तर तारखेनिशी ठेवलेली बारा महिन्यांची चित्रे त्याच्यापुढे मांडता येतात. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याला केवळ आपल्या आठवणीवर बोलावे लागते.

वर्ष संपून पुन्हा जून येतो. त्याच दगडावर उभे राहून तेरावे चित्र घ्यावे व पहिल्या चित्राशेजारी ठेवावे. सालईला एक नवी फांदी फुटलेली असेल, किंवा तिची एखादी फांदी वणव्यात गेलेली असेल. पाऊलवाट हातभर रुंद झालेली दिसेल. आणि चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, जेथे गेल्या वर्षी मोकळे आकाश होते, तेथे कदाचित एका नव्या इमारतीचे वरचे दोन मजले आले असतील.